आजचं चिंतन : योगसूत्र २.४२ – संतोष आणि आतषबाजीविना मॅजिक किंगडम



आजचं सूत्र साधनपादातलं बेचाळिसावं. आशय साधा आहे : संतोषातून जे सुख मिळतं, त्याच्या वर दुसरं सुख नाही. वाचायला पाच सेकंद लागतात. आणि "समाधानी राहावं" हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आपण मान डोलावतो आणि पुढच्या सूत्राकडे वळतो.

म्हणून आज हे सूत्र जरा वेगळ्याच ठिकाणी नेऊन तपासू या. ठिकाण फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, साल २०२१, तोंडावर मास्क. हसू नका! इथे अमेरिकेत ओळखीतली दोन-तीन कुटुंबं तेव्हा हाच प्रश्न घेऊन बसली होती. पोरं वर्षभर घरात कोंडलेली, स्प्रिंग ब्रेक तोंडावर आलेला, पार्क उघडं होतं, पण बऱ्याच गोष्टी बंद. जावं का? आणि गेलोच, तर "हे नाही, ते नाही" करत दिवस न घालवता मन प्रसन्न कसं ठेवायचं? आम्ही मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात अटलांटाहून गाडीने जाऊन आलो. त्यामुळे सूत्र आणि सहल दोन्ही डोक्यात ताजी आहेत.

आधी शब्द समजून घेऊ

पतंजलींनी पाच यम सांगितले आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आणि पाच नियम : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोष हा नियमांमधला दुसरा.

व्यासभाष्यातली संतोषाची व्याख्या मला फार आवडते, कारण ती एखाद्या स्पेसिफिकेशनसारखी नेमकी आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, जी साधनं जवळ आहेत त्यांच्यापेक्षा जास्त काही मिळवावंसं न वाटणं म्हणजे संतोष.

यात दोन पायऱ्या आहेत. जवळ काय आहे हे आधी नीट पाहायचं. मग त्यापलीकडची ओढ सोडायची. आपण सहसा पहिली पायरी गाळतो आणि थेट दुसरीवर उडी मारतो. "पॉझिटिव्ह राहा" याचा अर्थ "जे नाही त्याच्याकडे बघूच नका" असा लावतो. पण पतंजलींच्या क्रमात नियमांच्या आधी यम येतात, आणि यमांमध्ये सत्य आहे. जे नाही ते नाही, हे आधी स्वच्छ म्हणता आलं पाहिजे. डोळे मिटून आणलेलं समाधान पहिल्या लांब रांगेतच संपतं.

जवळ काय आहे आणि काय नाही

तर सत्यापासून सुरुवात करू. डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं. वादळांसाठी वगैरे ते एक-दोन दिवस बंद राहिलेलं आहे, पण मार्च २०२० च्या मध्याला जे बंद झालं ते जवळजवळ चार महिने. ११ जुलै २०२० ला मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम उघडले, १५ जुलैला एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज. तिकडे कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड तर मार्च २०२१ मध्येही बंदच होतं.

मार्च २०२१ मध्ये काय नव्हतं? रात्रीची आतषबाजी नव्हती. नेहमीची मोठी परेड नव्हती. मिकीला मिठी मारून फोटो नव्हता. रांग टाळण्यासाठी असलेला फास्टपास नव्हता. नुसतं तिकीट पुरत नव्हतं, कोणत्या दिवशी कोणत्या पार्कमध्ये जाणार याचं वेगळं आरक्षण करावं लागत होतं. दोन वर्षांवरच्या सगळ्यांना मास्क. प्रवेशद्वारावर तापमान तपासत होते. चालता चालता खाता-पिता येत नव्हतं, एका जागी थांबूनच मास्क काढायचा.

आणि काय होतं? पार्कमध्ये मर्यादित माणसं सोडत होते. कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ही मर्यादा पस्तीस टक्के असल्याचं सांगितलं होतं. रांग लांबलचक दिसायची, कारण माणसं अंतर ठेवून उभी असायची, पण ती सरकत राहायची. मोठ्या परेडऐवजी दिवसातून अनेकदा छोट्या मिरवणुका निघायच्या. त्यांची वेळ आधी जाहीर करत नसत. तुम्ही पाणी पीत उभे असायचात आणि समोरून गाणं वाजत मिकीची गाडी यायची. आणि किल्ला जिथे होता तिथेच होता, २०२० मध्ये गुलाबी छटांत रंगवलेला.

हे सगळं आम्ही निघण्यापूर्वी कागदावर लिहिलं. दोन रकाने : "नाही" आणि "आहे". माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. प्रत्येक रिलीजबरोबर आपण नोन इश्यूजची यादी देतो. यादीतली अडचण समोर आली की युजर म्हणतो, "हां, हे माहीत होतं." तीच अडचण यादीत नसताना आली की रात्री अकराला फोन येतो. अडचण तीच, फरक फक्त आधी सांगितल्याचा. आमच्या सहा वर्षांच्या लेकीने "नाही"चा रकाना स्वतः वाचला, आतषबाजीपाशी थांबली, "ओठ बाहेर काढू का?" असं विचारलं, काढले, आणि पुढचं वाचू लागली. रुसवा घरीच उरकला. तिथे गेल्यावर आतषबाजीचं नावही निघालं नाही.

यादीत न मावणारी गोष्ट

एक गोष्ट मात्र रकान्यात बसत नव्हती. ही सहल मुळात एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती, आणि आई-बाबा नाशिकहून येणार होते. मार्चमध्ये पार्क बंद झालं आणि त्याच महिन्यात भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवाही स्थगित झाली. बाबा २०२१ मध्ये एकाहत्तर वर्षांचे होते, तारखात्यातून निवृत्त झालेले. एपकॉटमधल्या त्या प्रचंड चंदेरी गोळ्याबद्दल, म्हणजे 'स्पेसशिप अर्थ'बद्दल, त्यांनी वाचलं होतं. माणूस एकमेकांशी बोलायला कसा शिकला, ही गोष्ट ती राइड सांगते : गुहेतल्या चित्रांपासून छपाईयंत्रापर्यंत आणि तिथून थेट कॉम्प्युटरपर्यंत. बाबांना एवढीच एक गोष्ट बघायची होती.

त्या गोळ्याखाली उभी असताना माझ्या मनात काय आलं असेल हे सांगायला नको. आणि नेमकं इथे पतंजलींचं दुसरं एक सूत्र कामी येतं. साधनपादातलंच तेहतिसावं, प्रतिपक्षभावना. यम-नियमांच्या विरुद्ध जाणारे विचार त्रास देऊ लागले की त्यांच्या उलट बाजूचं चिंतन करावं, असं ते सूत्र सांगतं. संतोष हा नियम, म्हणून "हे पुरेसं नाही" हा विचार त्याच्या विरुद्ध पक्षातला.

इथे एक बारकावा आहे. प्रतिपक्षभावना म्हणजे वाईट विचारावर चांगल्या विचाराचा स्टिकर चिकटवणं नाही. पुढचंच सूत्र ती कशी करायची ते सांगतं : हा विचार शेवटी कुठे नेतो ते बघ, त्याची फळं बघ. म्हणजे चक्क डीबगिंग! विचार दाबायचा नाही, त्याच्या मागे एकेक पायरी चालत जायचं.

"आई-बाबा इथे हवे होते." बरं. मग? "ते नाहीत म्हणून आजचा दिवस अपुरा." मग? "मी गप्प गप्प." मग? "लेक माझा चेहरा बघणार आणि तिचाही दिवस अपुरा होणार." यात आई-बाबांना काय मिळालं? काहीच नाही. विचार इथवर पोहोचला की त्याचा जोर आपोआप ओसरतो. त्यांची आठवण शिल्लक राहते, आणि ती राहिलीच पाहिजे. संतोषात प्रेम कमी करायला कुणी सांगितलेलं नाही.

राइडवरून उतरलो तेव्हा ऑर्लँडोत दुपारचे बारा वाजत आले होते, नाशकात रात्रीचे साडेदहा. बाबा जागे राहिले होते. व्हिडिओ कॉलवर लेक त्यांना म्हणाली, "आजोबा, आत तुमचं ऑफिस आहे!" मग बाबांनी तिला तार कशी पाठवत, कट्ट-कडकट्ट आवाज कसा यायचा, वाईट बातमीची तार घेऊन जाताना पोस्टमन दाराशी कसा घुटमळायचा, हे सगळं सांगितलं. वीस मिनिटं. यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकलं. जवळ जे साधन होतं, तो एक फोन, त्याच्यातून एवढं निघालं.

निर्बंधाचा नियम कधी होतो?

मराठीत आपण 'निर्बंध' आणि 'नियम' हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. योगशास्त्रात नियम म्हणजे साधकाने स्वतः होऊन घेतलेलं व्रत. बाहेरून लादला तो निर्बंध, आतून स्वीकारला की तोच नियम. एकादशीला जेवण मिळालं नाही तर ती उपासमार, आणि आपण होऊन सोडलं तर उपास. पोट दोन्हीकडे सारखंच रिकामं असतं.

मास्कचंही तसंच आहे. "घालावा लागतो" म्हटलं की फ्लोरिडाच्या उकाड्यात तो दर दहा मिनिटांनी टोचतो. "माझ्यामुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून घालते" म्हटलं की ती पहिल्या यमाची, अहिंसेची, साधना होते. कापड तेच. आणि आपल्यासमोर दिवसभर तोच मास्क लावून उभे असलेले कर्मचारी आठवा. सप्टेंबर २०२० अखेर डिस्नेने अमेरिकेतल्या पार्क विभागात सुमारे २८,००० नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा आपल्याला राइडमध्ये बसवणाऱ्या मुलीच्या ओळखीतलं कुणी ना कुणी त्यात असणार. तिला नजर मिळवून "थँक यू" म्हणणं हाही आपल्या सहलीचा भाग होता.

आणि मास्क नाकाखाली ओढून फिरणारे? त्यांच्यासाठी समाधिपादातलं तेहतिसावं सूत्र आहे. सुखी माणसांशी मैत्री, दुःखी माणसांबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्यांना पाहून आनंद आणि चुकीचं वागणाऱ्यांबद्दल उपेक्षा, याने चित्त प्रसन्न राहतं. उपेक्षा म्हणजे तुच्छता नव्हे. चार पावलं लांब व्हा आणि आपला दिवस पुढे चालवा.

न जाणं हाही संतोष

आता अवघड भाग. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रात आकडे पुन्हा वाढत होते. भारतात १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली होती. बाबांचा पहिला डोस झाला होता, तरी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. अशा वेळी मजा करणं बरोबर आहे का, असं एका मैत्रिणीने विचारलं.

मला वाटतं, उत्तर क्रमात आहे. आधी यम, मग नियम. म्हणजे आधी अहिंसा, मग संतोष. घरात आजारी माणूस असेल, वृद्ध असतील, आपल्याला साधा खोकला असेल, तर जाऊ नये. तिथे "मन प्रसन्न ठेवा" हा सल्ला लागूच होत नाही. आम्ही दोघं वर्षभर घरून काम करत होतो, घरात म्हातारं माणूस नव्हतं, आणि परतल्यावर दोन आठवडे कुणाला भेटलो नाही. हा हिशोब जमला म्हणून गेलो. ज्यांचा हिशोब जमत नाही त्यांच्या जवळचं साधन म्हणजे घराची गच्ची, पत्ते, मुलांबरोबर जमिनीवर बसून केलेला पुठ्ठ्याचा किल्ला. व्यासभाष्याची व्याख्या तिथेही अक्षरशः लागू आहे. जाणारा आणि न जाणारा यांना सूत्र एकच.

आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव असताना स्वतःच्या मुलीबरोबर हसणं हा काही गुन्हा नाही. करुणा आणि आनंद एकाच सूत्रात शेजारी शेजारी बसले आहेत, आपल्याही मनात बसू शकतात.

आजचा अभ्यास

सहलीला जात असाल किंवा नसाल, आज एवढं करून बघा :

१. महामारीने तुमचा जो एक बेत बदलला, तो घ्या. कागदावर दोन रकाने करा, "नाही" आणि "आहे". "नाही"चा रकाना आधी आणि प्रामाणिकपणे भरा. वाईट वाटलं तर वाटू द्या.

२. त्यातला सगळ्यात बोचणारा विचार निवडा आणि "मग?" असं विचारत चार पायऱ्या त्याच्या मागे जा. तो कुठे पोहोचतो ते लिहा.

३. सध्या पाळावा लागणारा एक निर्बंध निवडा आणि तो कोणासाठी पाळता त्या माणसाचं नाव त्याच्यापुढे लिहा. उद्या तो पाळताना ते नाव आठवा.

रात्री झोपण्यापूर्वी बेचाळिसावं सूत्र पुन्हा एकदा वाचा. मग पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागेल.

उद्या त्रेचाळिसावं सूत्र : तप. जिना चढताना त्याची उजळणी आपोआप होईलच!

काळजी घ्या. राम कृष्ण हरी.