सापडलेले मूल कोणत्या देशाचे?

उघड्यावर सापडलेल्या मुलाचा देश कोणता, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये तो पडला. तेथील १९६१ च्या कायद्याने अशा मुलांना नागरिकत्व होते. १९७२ च्या दुरुस्तीने ते गेले. आईबापांपैकी एक तरी त्या देशाचा असला पाहिजे, असा नियम राहिला. ज्याचे आईबापच ठाऊक नाहीत, त्याने काय दाखवावे?

२०१३ मध्ये देशहीन लोकांविषयीचे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार त्या देशाने स्वीकारले. २०१९ मध्ये न्यायमंत्रालयाच्या परिपत्रकाने या मुलांना नागरिकत्वाच्या दाखल्याची वाट मोकळी झाली. २०२० मध्ये देशहीन कोण, हे ठरविण्याची रीतही घालून दिली गेली.

फारोच्या कन्येने मोशेला पाण्यातून काढले, आणि आपला मुलगाही म्हटले. तेव्हाच सुटका पुरी होते, असे आम्हांला वाटते.