मंत्रचळ आणि वर्गातील मूल

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाचा विचार करताना शिक्षक सामान्यतः आळस, हूडपणा, घरची ओढगस्त व गैरहजेरी ही कारणे ध्यानात घेतो. यांखेरीज आणखी एक कारण असू शकते, व ते सहसा नजरेतून निसटते. कारण त्याने ग्रासलेले मूल पुष्कळदा नीटनेटके व आज्ञाधारक दिसते. हे कारण म्हणजे मंत्रचळ होय. डॉक्टर यास ‘ओसीडी’ म्हणतात. शंभर मुलांत एखाद-दुसऱ्यास हा विकार असू शकतो व तो बहुधा दहाव्या वर्षाच्या आसपास प्रकट होतो. म्हणजेच प्राथमिक शिक्षकाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

विकाराची अंगे दोन. पहिले अंग विचाराचे: ‘हाताला घाण लागली’, ‘माझ्या चुकीने आईला काही होईल’, असा विचार मुलाच्या इच्छेविरुद्ध पुनःपुन्हा मनात येतो. दुसरे अंग कृतीचे: ती भीती शमविण्यासाठी मूल हात धुते, लिहिलेले खोडून पुन्हा लिहिते, दप्तर तपासते, मनातल्या मनात आकडे मोजते किंवा ‘बाई, बरोबर आहे ना?’ असे दहा वेळा विचारते. कृती केल्याने क्षणभर बरे वाटते. परंतु कृतीमुळेच संकट टळले, असा मनाचा ग्रह होतो आणि पुढील वेळी भीती अधिक जोराने येते. सावकाराचे व्याज भागवीत राहावे आणि मुद्दल मात्र वाढतच जावे, तशी ही स्थिती होय.

प्रत्येक टापटिपीचे मूल मंत्रचळी नव्हे. घरातील सोवळे, व्रताचा नेम किंवा परीक्षेच्या दिवशी आवडती लेखणी नेणे हा विकार नव्हे. कृतींत रोज तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जात असेल, मुलास त्यांचा त्रास होत असेल अथवा अभ्यास, खेळ व जेवण यांत अडथळा येत असेल, तर मात्र शंका घ्यावी. हा विकार भूतबाधेने होत नाही, किंवा आईबापांच्या चुकीनेही होत नाही. मेंदूचे कार्य व आनुवंशिकता यांचा त्यात वाटा असतो.

शिक्षकाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. शिक्षा करू नये. पान अपुरे राहिले म्हणून ‘दहा वेळा लिही’ असे सांगणे म्हणजे विकारास खतपाणी घालणे होय. शिवाय शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे.

२. मुलाच्या शंकेस एकदा शांतपणे उत्तर द्यावे. तीच शंका पुनःपुन्हा आल्यास तेच उत्तर देत बसू नये. खोडरबर हिसकावू नये किंवा नळावरून ओढूनही आणू नये.

३. स्वच्छतेचा पाठ देताना जंतूंचा बागुलबुवा उभा करू नये. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने सुमारे वीस सेकंद हात धुणे पुरेसे आहे, हे स्पष्ट सांगावे.

४. आठवडाभर टिपण ठेवावे : कोणती कृती, किती वेळा, कोणत्या प्रसंगी.

५. पालकांशी एकांतात बोलावे. टिपण घेऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे व तेथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे जाण्यास सुचवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.

या विकारावर उपाय आहे. १९६६ साली व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील आपल्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णास भीतीच्या वस्तूजवळ नेऊन नेहमीची कृती करण्यापासून परावृत्त केले, तर भीती हळूहळू ओसरते, असे त्यात दिसून आले. आजची उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. मुलांच्या बाबतीत ती पायरीपायरीने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व मुलास विश्वासात घेऊन योजतात; गरज पडल्यास डॉक्टर औषधही देतात.

उपचार हे शिक्षकाचे काम नव्हे. ओळखणे मात्र त्याच्याच हाती आहे. लाजेने मूल आपली भीती घरीही लपविते, आणि निदानावाचून वर्षे निघून जातात. तेव्हा वही अपुरी ठेवणाऱ्या मुलास रागावण्यापूर्वी, त्याने तेच पान किती वेळा खोडले आहे हे शिक्षकाने एकदा पाहावे.