ट्रॅक्टर सेल्फ घेईना? मिस्त्रीला फोन करण्याआधी

मृगाच्या तोंडावर अहमदपूर असो की देगलूर, मिस्त्री वेळेवर मिळत नाही. मिळाला तर शेतात येण्याचेच अंतराप्रमाणे तीनशे ते आठशे रुपये लागतात, काम वेगळं. तेव्हा आधी फुकटातलं तपासून घ्या.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही? गिअर न्यूट्रलला आणा, पीटीओ बंद करा, क्लच तळापर्यंत दाबा. नव्या ट्रॅक्टरला सेफ्टी स्विच असतो. उंदरानं त्याची वायर कुरतडली तरी सेल्फ गप्प बसतो. मग फ्यूज बघा, मग बॅटरीची टर्मिनल. त्यांवर पांढरट-हिरवा थर असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं घासा, कोरडी करा, आवळा, ग्रीस लावा. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

नुसतीच टक-टक होत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. दोन-तीनशेचा मल्टिमीटर घरी ठेवाच. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली. 12 च्या खाली म्हणजे चार्जिंगला द्या. शे-दोनशे रुपये आणि एक दिवस. पूर्ण चार्ज करून तपासल्याशिवाय ‘बॅटरी गेली’ हे कुणाचंही ऐकू नका. बॅटरी भरलेली असूनही टक-टक असेल तर अर्थची पट्टी, नाहीतर सेल्फ. सेल्फचे कार्बन-बुश साधारण हजार ते अडीच हजारांत होतात. नवा सेल्फ सुचवला तर जुना तुमच्यासमोर उघडायला लावा.

नवी बॅटरी ताकदीप्रमाणे साधारण सहा ते नऊ हजार. त्यातून जुन्या बॅटरीचे पैसे वजा झाले पाहिजेत. दुकानदार आपणहून बोलत नाही, तुम्ही विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, बिलावर तोच आकडा बघा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच उभं राहून घ्या.

इंजिन फिरतं पण धरत नाही? स्टॉपर ओढलेला राहिला का, टाकीखालचा कॉक उघडा आहे का, बघा. टाकी कोरडी पडली असेल तर लाइननं एअर धरली. डिझेल भरा, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. त्यासाठी मिस्त्रीला पाचशे देऊ नका. पावसाळ्यात ड्रमच्या तळाचं डिझेल ओतू नका, त्यात पाणी उतरलेलं असतं. फिल्टर तीनशे ते सातशेत येतात. इंजेक्टरच्या पाइपाजवळ हात-तोंड नको, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

एवढ्यावर भागलं नाही आणि मिस्त्री ‘पंप लॅबला न्यावा लागेल’ म्हणाला, तर हो म्हणण्याआधी वॉरंटीची तारीख बघा. पंपाचं सील बाहेर तुटलं की कंपनी हात वर करते. वॉरंटीत असेल तर शोरूमला खरेदीचं बिल, सर्व्हिस बुक आणि चेसिस नंबर घेऊन जा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. खाली उभं राहून पान्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फ डायरेक्ट करणं. यात सेफ्टी स्विच कामच करत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच तो मागच्या चाकाजवळच्या माणसावरून जातो. घाईत गिअर बघायचा राहतो, आणि माणसं अशीच गेली आहेत. मिस्त्री करत असेल तर त्यालाही थांबवा, पोरांना लांब करा.

काम सांगताना येण्याचे, मजुरीचे आणि पार्टचे पैसे वेगवेगळे विचारा. जुना पार्ट परत मागा. बिल पक्कं घ्या. फसवणूक झाली तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोग नांदेडला आहे, लातूरलाही आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसेल तर तिथे बाजू मांडणं अवघड जातं.