बर्फाच्या मुलखात पोहायचे कसे?

प्रश्न : मुलगा सिएटलला असतो. येत्या मे महिन्यात तो आम्हा दोघांना अलास्काच्या क्रूझवर नेणार आहे. माहितीपत्रकात डेकवरचा पोहण्याचा तलाव आणि वाफाळणारे हॉट टब दिसतात, मागे बर्फाचे डोंगर. हे सगळे फोटोपुरतेच असते का? माझे वय 68. चेंबूरला पालिकेच्या तलावात नेमाने पोहतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. सौ.ला पाण्याची हौस आहे, पण पोहण्याच्या कपड्यांचा संकोच वाटतो. बॅगेत पोशाख भरावेत, की ती जागा स्वेटरला द्यावी?
— एक निवृत्त वाचक, ट्रॉम्बे

उत्तर : दोन्ही भरा. तलाव खरा असतो आणि पाणी कोमट असते. थंड मुलखात जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर ते साधारण 27-28 अंशांवर ठेवतात. डिसेंबरच्या सकाळी चेंबूरला तुम्ही ज्या पाण्यात उतरता, त्याहून हे बहुधा उबदारच असेल. हॉट टब आणखी गरम, पण अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे 40 अंशांच्या वर नाही.

एवढी ऊब परवडते कशी, हे ट्रॉम्बेकरांना समजावणे सोपे आहे. तुमच्याच गावात सायरस अणुभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र 2004 मध्ये जोडले होते. त्याची क्षमता दिवसाला 30 हजार लिटर होती. सायरस 2010 अखेर बंद झाली, पण जहाजांवर हीच युक्ती रोज चालते. जहाजाच्या डिझेल इंजिनात जळणाऱ्या तेलातली निम्म्याच्या आसपास ऊर्जाच कामी येते, बाकीची धुरातून आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून निघून जाते. इंजिनातून बाहेर पडणारे हे पाणी चांगलेच कढत असते. त्याच्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करतात, आंघोळीचे पाणी तापवतात आणि तलावही कोमट ठेवतात. अलास्कातल्या जूनो बंदरात मात्र 2001 पासून जहाजांना किनाऱ्यावरून वीज घेण्याची सोय आहे. ती घेतली की इंजिने बंद, आणि मग ऊब दुसरीकडून आणावी लागते.

पाणी तापवण्यापेक्षा तापलेले ठेवणे अवघड. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर मागे उरलेल्या सुमारे 580 लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने उतरते. उघड्या डेकवर कोरडा गार वारा सुटला की ही गळती दिवसभर चालू राहते. म्हणून थंडीत फिरणाऱ्या बऱ्याच जहाजांवर निदान एका तलावावर सरकते काचेचे छप्पर असते. मुलाला एवढेच विचारायला सांगा : तुमच्या जहाजावर असा झाकलेला तलाव आहे का, आणि तो फक्त मोठ्यांसाठी आहे की नातवंडांनाही चालतो? पाण्याची खरी हौस असेल तर बाल्कनीच्या खोलीपेक्षा या छपराला जास्त महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे.

आता वाऱ्याचे. जूनोला मे महिन्यात दुपारी 13-14 अंश असतात, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीसारखेच. पण जहाज 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर वेगाने चालले असेल, तर बाहेर वारा पडलेला असला तरी डेकवर तेवढ्याच वेगाचा वारा लागतो. अशा वाऱ्यात 10 अंशांची हवा कोरड्या अंगालाही 6 अंशांसारखी बोचते, ओल्या अंगाला तर विचारूच नका. त्रास पाण्यात होत नाही. टबातून निघून टॉवेलपर्यंतच्या वीस पावलांत होतो. खोलीतला जाड झगा आणि रबरी चपला टबाच्या अगदी कडेला ठेवायच्या, आरामखुर्चीवर नव्हे.

ग्लेशियर बेमध्ये मात्र उलटा योग येतो. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते. मार्जरी हिमनदीसमोर जहाज जवळजवळ थांबते आणि संथपणे वळत राहते, म्हणजे जहाजाच्या वेगाचा वारा नाही. सगळी मंडळी दुर्बिणी घेऊन कठड्याला चिकटलेली आणि टब रिकामे! हिमनदीवरून गार झोत उतरत नसेल, तर गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून बर्फाचे कडे पाहण्याची वेळ हीच.

पोहण्याच्या बाबतीत अपेक्षा आवरत्या घ्या. चेंबूरसारख्या लांबच लांब फेऱ्या इथे विसरा. बहुतेक तलाव चार-सहा हात मारले की संपतात. समुद्र खवळला की पाणी डुचमळून काठाबाहेर फेकले जाते, म्हणून तलाव रिकामा करून त्यावर जाळी ओढतात. थंड समुद्रावर कोमट तलाव ही हौस तशी जुनीच. 1912 च्या टायटॅनिकवरही तापवलेल्या खाऱ्या पाण्याचा तलाव होता.

रक्तदाबाचे हसण्यावारी नेऊ नका. 40 अंशांच्या पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, त्यात गोळीचा परिणाम. एकदम उठून उभे राहिलात तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. दहा मिनिटे पुरेत. आधी दारू नको, उठताना कठडा धरा, आणि निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

टबाच्या स्वच्छतेवर नियम कडक आहेत, ते उगाच नाहीत. 1994 मध्ये एका क्रूझ जहाजावरच्या टबांमुळे 50 प्रवाशांना लिजनेअर्स हा न्यूमोनियाचा प्रकार झाला. जंतू टबाच्या वाळूच्या फिल्टरमध्ये सापडले. टबात न उतरता नुसते जवळ वावरणाऱ्यांनाही लागण झाली, कारण हे जंतू पाण्याच्या बारीक तुषारांतून पसरतात. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची आता आरोग्य खाते अचानक तपासणी करते. 100 पैकी 86 गुण मिळाले तर जहाज पास, आणि हे गुण कोणालाही पाहता येतात.

राहिला सौ.चा संकोच. पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंतचा नायलॉन-लायक्राचा पोशाख दादरलासुद्धा मिळतो आणि जहाजावर तो चालतो. सुती टी-शर्ट किंवा सलवार घालून मात्र उतरू नये : सुताचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात, आणि भिजलेले सुती कापड त्या वाऱ्यात अंगाला बर्फासारखे चिकटून बसते. पोशाख दोन-दोन न्या, तिथल्या दमट हवेत एक दिवसात वाळत नाहीत.