हिमनगाचें पाणी आणि शेताचा हिशेब

पर्जन्याची ओढ बसली म्हणजे दूरच्या पाण्याकडे मनुष्याची दृष्टि वळते. पृथ्वीवरील गोड्या पाण्याचा फार मोठा भाग दक्षिण ध्रुवाभोंवतींच्या अंटार्क्टिक खंडावर बर्फरूपानें सांठलेला आहे. त्या बर्फाचे कडे तुटून समुद्रांत पडतात, त्यांस हिमनग म्हणतात. हे हिमनग ओढून आणून कोरड्या मुलुखास पाणी द्यावें, ही कल्पना वरचेवर पुढें येते. तींत तथ्य किती व शेतकऱ्यास तिचा उपयोग कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हिमनग खाऱ्या समुद्रांत तरंगत असला तरी त्याचें पाणी गोडें असतें. कारण तो समुद्राचें पाणी गोठून झालेला नसून, जमिनीवर शेंकडों वर्षें सांचलेलें हिम दबून झालेला असतो. बर्फ पाण्याहून किंचित् हलका असल्यामुळें हिमनगाचे सुमारें नऊ दशांश अंग पाण्याखालीं असतें. दक्षिणेकडील कित्येक हिमनग सपाट माथ्याचे व रुंद बैठकीचे असल्यानें सहसा उलटत नाहींत. म्हणून ओढण्यास ते अधिक सोयीचे मानले आहेत.

बर्फ दूरवर टिकतो कसा, हें समजण्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास सुमारें ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेनें एक ग्रॅम थंड पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणूनच इ. स. १८३३ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन बंदराहून कलकत्त्यास निघालेल्या 'टस्कनी' जहाजांतील १८० टन बर्फांपैकीं, सुमारें चार महिन्यांच्या प्रवासानंतर, जवळजवळ १०० टन शिल्लक राहिला. मात्र तो बर्फ जहाजाच्या पोटांत वेष्टणांत बंदिस्त होता. उघडा हिमनग उबदार समुद्रांतून नेल्यास लाटा त्याच्या कडा अहोरात्र खात राहतात.

इ. स. १९७३ मध्यें वीक्स व कॅम्बेल या संशोधकांनीं आस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य भाग व दक्षिण अमेरिकेंतील आटाकामा वाळवंट येथें हिमनग नेण्याचा हिशेब मांडला. पुढें १९७७ सालीं सौदी अरेबियाचे राजपुत्र महंमद अल-फैसल यांच्या पुढाकारानें अमेरिकेंतील आयोवा येथें या विषयाची परिषद भरली. तिच्यासाठीं अलास्कांतून बर्फाचा एक तुकडाहि आणविला होता. परंतु अरबस्तानास एकहि हिमनग पोंचला नाहीं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापुढें तेलविहिरींस धक्का लागूं नये म्हणून हिमनगांस दोर घालून बाजूस ओढतात, हें खरें. पण वाट सोडविणें निराळें व हजारों मैल नेणें निराळें.

सर्वांत तपशीलवार योजना इ. स. २०१८ मधील होय. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन शहराचीं धरणें तेव्हां आटत चाललीं होतीं. बुडालेलीं जहाजें काढण्यांत निष्णात असलेले निक स्लोन यांनीं सुमारें १० कोटि टनांचा हिमनग आणून, वर्षभर रोज १५ कोटि लिटर पाणी देण्याचा बेत मांडला. खर्चाचा अंदाज १० कोटि डॉलरांहून अधिक होता. पुढें पाऊस झाला, धरणें भरूं लागलीं, व योजना कागदावरच राहिली.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें आंकडे तपासूं. १० कोटि टन बर्फ सगळा वितळून हातीं आला तरी तें पाणी सुमारें साडेतीन टी. एम. सी. भरेल; उजनी धरणाची एकूण सांठवण सुमारें ११७ टी. एम. सी. आहे. रोजीं १५ कोटि लिटर म्हणजे वर्षास ५,४७५ कोटि लिटर. खर्च अवघा १० कोटि डॉलर धरला तरी १ लक्ष लिटरांस सुमारें १८० डॉलर, म्हणजे १५ हजार रुपयांच्या घरांत पडतात. एका एकरावर एक इंच पाणी उभें करण्यास सुमारें १ लक्ष लिटरच लागतात. एका पाळीस ३ इंच पाणी धरलें, तर दर एकरीं ४५ हजार रुपये झाले. आणि हें पाणी अजून बंदराच्या बाहेरच आहे! अडीचशें मीटर जाडीच्या हिमनगाचें सुमारें सव्वादोनशें मीटर अंग पाण्यांत असल्यानें तो उथळ किनाऱ्यास लागूं शकत नाहीं. मुंबईपुढील समुद्र तर फार दूरवर उथळ आहे. शिवाय विषुववृत्ताचा उबदार टापू ओलांडावा लागेल, व पुढें घाट चढवून पाणी देशावर न्यावें लागेल, तें वेगळेंच.

यावरून निर्णय असा निघतो कीं, हिमनग हा फार तर समुद्रकांठच्या तहानलेल्या शहराचा आपत्कालीन घोट होईल. पिकाचें पाणी होणार नाहीं. कारण पाण्याची किंमत मुख्यतः त्याच्या वाहतुकींत असते. हाच नियम उलट लावून पाहिल्यास आपला लाभ दिसतो. आपल्या शेतावर पडणारा प्रत्येक इंच पाऊस दर एकरीं १ लक्ष लिटर पाणी विनाभाडें आणून ओततो. वळीवाच्या एका सरीनें दोन इंच पाऊस झाला व त्यांतला निम्मा उताराने ओढ्यास गेला, तर वरील हिशेबानें एकरीं १५ हजारांचा माल बांधावरून निघून गेला, आणि सोबत मातीहि गेली.

तरी शेतकरी बंधूंनीं उन्हाळ्यांतच फुटलेले बांध सांधावे, नांगरट उताराला आडवी करावी, व पहिल्या जोराच्या पावसांत स्वतः शेतावर उभें राहून पाणी कोठून निसटतें तें पाहावें. ध्रुवाकडील बर्फ आपल्या हातचा नाहीं. बांधाआंतील इंच मात्र सर्वस्वीं आपला आहे.