निखाऱ्यावरचे जेवण आणि ग्लुटेन

जपानी भाषेत ‘याकी’ म्हणजे भाजलेले. ‘तोरी’ म्हणजे पक्षी, आणि रोजच्या व्यवहारात कोंबडी. म्हणून ‘याकितोरी’ म्हणजे बांबूच्या काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे. यात कोंबडी आहे, मीठ आहे आणि विस्तव आहे. गहू कोठेच दिसत नाही. मग ज्याला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला आहे, त्याने हा पदार्थ खायला काय हरकत आहे? शिवाय चुकून पिठाचा कण लागलाच, तर तो निखाऱ्याच्या आचेत जळून जाईल!

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो दोन ठिकाणी चुकतो. कोठे, ते आपण पाहू.

ग्लुटेन म्हणजे काय?

मूठभर मैदा पाण्यात घट्ट मळा. अर्धा तास ठेवून तो गोळा वाटीभर पाण्यात हलक्या हाताने चोळा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते ओतून नवे पाणी घ्या आणि पाणी नितळ राहीपर्यंत असेच करा. पिष्ट, म्हणजे स्टार्च, निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हेच ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाचे या प्रयोगाचे वर्णन १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्लुटेन हे प्रथिनांचे मिश्रण आहे. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. बार्ली आणि राय या धान्यांतही त्यांची भावंडे असतात. बहुतेक लोकांना ती बाधत नाहीत. परंतु जगात शंभरातील सुमारे एका माणसाला सिलिअॅक नावाचा विकार असतो. त्याच्या शरीराची संरक्षक यंत्रणा ग्लुटेनच्या तुकड्यांना शत्रू समजते. या लढ्यात लहान आतड्याच्या आतील बोटांसारखे बारीक उंचवटे झिजतात आणि अन्नरस नीट शोषला जात नाही. मुलांची वाढ खुंटते, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात.

या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असताना या विकाराची मुले मात्र सुधारली. पाव परत आला तशी त्यांची दुखणीही परतली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला. या विकारावर आजही मुख्य उपाय एकच आहे, तो म्हणजे ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे.

विस्तवाने ग्लुटेन का जात नाही?

लालभडक निखाऱ्याचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. परंतु निखारा तापला म्हणजे त्यावरचा पदार्थही तितकाच तापतो असे नाही. मांसात भरपूर पाणी असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. म्हणून पदार्थ ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. वरची पातळ कोरडी खरपूस पापुद्रीच काय ती त्याहून जास्त तापते.

जंतू मारायला इतकी उष्णता पुरते, कारण जंतू सजीव आहे. त्याचे जीवनकार्य बंद पडले की तो संपला. ग्लुटेन सजीव नाही, त्यामुळे त्याला ‘मारता’ येत नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. उष्णतेने माळेचा गुंता बदलतो, पण मण्यांचा क्रम तसाच राहतो. शरीराची संरक्षक यंत्रणा ओळखते तो हा क्रमच. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी ग्लायडिनमधील ३३ मण्यांचा एक तुकडा शोधून काढला. त्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल विपुल असल्यामुळे आपले पाचकरसही तो तोडू शकत नाहीत.

याचा पुरावा जपानी स्वयंपाकघरातच मिळतो. तेथे गव्हाचे ग्लुटेन वेगळे काढून त्याचा ‘फू’ नावाचा पदार्थ करतात. तो भाजला की ‘याकिफू’ होतो आणि रश्श्यात घालून खातात. भाजून ग्लुटेन नाहीसे झाले असते, तर हा पदार्थ सिलिअॅकच्या रुग्णाला चालला असता. तो मुळीच चालत नाही. पदार्थाचा पार कोळसा झाला तर प्रथिन नष्ट होईल, पण कोळसा कोण खाणार?

न दिसणारा गहू

युक्तिवादातील दुसरी चूक म्हणजे ‘गहू दिसत नाही, म्हणून नाही’. याकितोरी दोन प्रकारे मिळते. ‘शिओ’ म्हणजे नुसते मीठ लावलेली, आणि ‘तारे’ नावाच्या दाट गोडसर रसात बुडवलेली. (आकाशातल्या ताऱ्यांशी याचा काही संबंध नाही!) हा रस शोयू, साखर, आणि तांदळापासून केलेली साके व मिरिन यांचा असतो. गहू लपलेला असतो तो शोयूत, म्हणजे सोया सॉसमध्ये. जपानमधील नेहमीचा शोयू सोयाबीन आणि भाजलेला गहू जवळजवळ समप्रमाणात घेऊन, त्यावर कोजी ही बुरशी वाढवून आणि मग मिठाच्या पाण्यात मुरवून करतात. ‘तामारी’ या प्रकारात गहू अगदी थोडा असतो किंवा नसतो, म्हणून त्याच्याही बाटलीवरील घटक वाचावे लागतात.

येथे एक शंका येईल. बुरशी गव्हाची प्रथिने तोडत नाही का? तोडते. म्हणूनच तयार शोयूत नेहमीच्या चाचणीला ग्लुटेन बरेचदा सापडत नाही. पण ही चाचणी प्रथिनाला जणू दोन हातांनी दोन जागी पकडते. तुकडा इतका लहान असेल की दोन हातांना जागाच नाही, तर तो निसटतो. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांत हा फरक आहे. याच कारणाने अमेरिकेत २०२० साली नियम झाला की, आंबवलेल्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणायचे असेल, तर तो आंबवण्यापूर्वीच ग्लुटेनमुक्त होता हे दाखवले पाहिजे.

आपल्याकडचे उदाहरण हिंगाचे. शुद्ध हिंग फार उग्र असल्यामुळे बाजारातील डबीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. भाकरी ज्वारीची असली, तरी आमटीची फोडणी विचारात घ्यावी लागते!

किती म्हणजे फार?

१०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८ ग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे एका ग्रॅममध्ये ८० मिलिग्रॅम. इटलीतील कातास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास रुग्णांच्या आतड्याला इजा होते असे दिसले. गणित करा : ५० ÷ ८० म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम पीठ. चिमूट-दोन चिमटी!

आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने ग्लुटेनमुक्त अन्नासाठी किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती यामुळेच. असे अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्ले, तरी १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन पोटात जात नाही.

स्पर्शाचा प्रश्न

पोळपाटावर कणीक भुरभुरा, झटका आणि स्वच्छ दिसेपर्यंत कोरड्या फडक्याने पुसा. आता ओल्या कापसाचा बोळा त्यावर घासा आणि बोळ्यावर पाणी घालून पातळ केलेल्या टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला, तर पीठ अजून तेथे आहे. तुलनेसाठी कोरा बोळाही तपासा. मग पोळपाट घासून, धुऊन प्रयोग पुन्हा करा. (आयोडिनचे डाग पडतात. हा प्रयोग शिक्षकांसमोर करावा.) आयोडिन ग्लुटेन दाखवत नाही, पिष्ट दाखवते. पण कणकेच्या कणाबरोबर दोन्ही येतात.

आता जपानी भट्टीकडे पाहू. याकितोरीच्या अरुंद भट्टीत काड्यांची टोके कडांवर टेकतात आणि मांस निखाऱ्यांवर अधांतरी राहते. तेथे धोका मुख्यतः रसाचे भांडे, चिमटा, कुंचला आणि हात यांचा. ‘तेप्पान’ म्हणजे सपाट लोखंडी तवा. त्यावर ओकोनोमियाकी हे पिठाचे जाड धिरडे झाले असेल आणि मग तेथेच मासा भाजला, तर पुसलेला तवा पुरेसा नाही. नावावरही भिस्त ठेवू नये. ‘सोबा’ म्हणजे कुट्टूच्या शेवया, परंतु ‘याकिसोबा’च्या शेवया गव्हाच्या असतात. ‘त्सुकुने’ या खिम्याच्या गोळ्यांत पावाचा चुरा असू शकतो.

विचारायचे काय?

जपानमध्ये वेष्टनातील अन्नावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे. ही सक्ती बार्लीला नाही आणि उपाहारगृहातील ताटालाही नाही. म्हणून विचारावे लागते. नुसते ‘ग्लुटेन नको’ म्हणण्यापेक्षा गहू (‘कोमुगी’), बार्ली (‘ओमुगी’) आणि शोयू चालत नाही, असे लिहिलेले जपानी चिठीपत्र दाखवावे. मिठाची याकितोरी मागावी. ती आधी शोयूत मुरवली आहे काय, चिमटा वेगळा आहे काय, हे विचारावे. तव्यावरचा पदार्थ असेल, तर खाली नवी अॅल्युमिनियमची पन्नी घालायला सांगावे. गहूविरहित तामारीची छोटी बाटली बरोबर असावी. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तो पदार्थ सोडून द्यावा.

आणखी एक. असा त्रास आपल्याला असावा अशी शंका आली, तर मनाने गहू सोडू नये. गहू सोडल्यावर रक्ततपासणी फसवी ठरू शकते. आधी डॉक्टर, मग पथ्य. वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी डब्यातला घास नाकारत असेल, तर ‘एका घासाने काय होते?’ असा आग्रह करू नये. काय होते, ते वरच्या गणितात आहेच.

विचार करा

१. भाताचा गोळा निखाऱ्यावर भाजून ‘याकिओनिगिरी’ करतात. भातात ग्लुटेन नसते. तरीही कोणता प्रश्न विचारला पाहिजे?

२. किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेन असलेला सॉस १५ ग्रॅम खाल्ला, तर किती ग्लुटेन पोटात गेले?

उत्तरे : १. भाजताना त्याला शोयू किंवा मिसो लावला आहे काय? (मिसोच्या काही प्रकारांत बार्ली असते.) २. ०.३ मिलिग्रॅम.