एका लॅपटॉपात विंडोज आणि लिनक्स : दुकान बंद पडणार नाही ना?

प्रश्न : आरमोरीत माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. मुलगा गडचिरोलीला बीसीए करतो. त्याला अभ्यासासाठी लिनक्स पाहिजे आणि घरात लॅपटॉप एकच. "बाबा, दोन्ही एकातच टाकतो, काही होत नाही," असं तो म्हणतो. या 'काही होत नाही'चीच मला धास्ती आहे. दोन्ही खरंच एकात राहतात का? एकदम चालतात का? माझ्या फायली, कृतिदेवमधली कामं, डिजिटल सहीचं टोकन यांचं काय? त्यात आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही.
— एक वाचक, आरमोरी

उत्तर : राहतात. पण एकदम चालत नाहीत. लॅपटॉप सुरू केला की आधी एक छोटा मेनू येतो आणि विचारतो, उबुंटू (म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार) की विंडोज? जे निवडाल तेच त्या वेळी चालणार. दुसरं हवं असेल तर लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक समोर उभं असताना मुलाचा प्रोग्राम मागे चालू राहील, असं होणार नाही.

डिस्कचं म्हणाल तर वडिलोपार्जित वावराची वाटणी डोळ्यांसमोर आणा. मध्ये धुरा पडतो. एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला लिनक्स. भांडणं होतात ती धुऱ्यावरूनच, म्हणून धुरा आपल्या हाताने घालावा. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन सी ड्राइव्हवर 'श्रिंक व्हॉल्यूम' करायचं आणि सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवायची. उबुंटूला कमीत कमी २५ जीबी लागतात. अभ्यासासाठी ५०-६० जीबी दिले तर अडचण येत नाही. इथे पुष्कळजण बुचकळ्यात पडतात : ड्राइव्हवर दीडशे जीबी मोकळे दिसतात आणि विंडोज जेमतेम वीस द्यायला तयार होतं. कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल यांसारख्या काही फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि विंडोज त्या हलवत नाही. त्या तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न केला की बहुतेक वेळा हवी तेवढी जागा सुटते.

त्याआधी दोन कामं. पहिलं बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचं. नव्या लॅपटॉपांत डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर त्या ड्राइव्हवरच्या फायली गेल्यातच जमा, मग आरमोरीहून नागपूरची एसटी धरली तरी तिथला दुकानदारही काही करू शकणार नाही.

दुसरं काम 'फास्ट स्टार्टअप' बंद करण्याचं. ते चालू असताना तुम्ही 'शट डाउन' दाबता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं तर मात्र नीट बंद होऊन सुरू होतं. अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिलं तर फायली खराब होऊ शकतात. लिनक्स शहाणं असल्याने बहुतेकदा तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरताच उघडतं, आणि मग मुलगा विचारतो, "बाबा, यात फाइल सेव्ह का होत नाही?" उलट बाजूने सांगायचं तर लिनक्सचा भाग विंडोजला सहजी दिसतच नाही. तुमच्या पथ्यावरच पडेल.

आता मुख्य धोक्याची जागा. उबुंटूचा इन्स्टॉलर एका पडद्यावर विचारतो : विंडोजच्या शेजारी बसवू, की सगळी डिस्क पुसून बसवू? 'इरेज डिस्क' हा शब्द दिसला की हात मागे घ्या. मी ऐकलेल्या 'सगळं उडालं'च्या बहुतेक कहाण्या या एका पडद्यावरच घडलेल्या आहेत. त्या क्षणी मुलाच्या शेजारी बसा, आणि त्याआधी दुकानाच्या सगळ्या फायली वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ती लॅपटॉपपासून सोडवून कपाटात ठेवा.

लाइनचं म्हणाल तर लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर फारसं बिघडत नाही. पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच बसा. बॅटरी मेलेली असेल आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर जगत असेल, तर हे काम करूच नका. पार्टिशन लहान होत असताना लाइन गेली तर काय शिल्लक राहील सांगता येत नाही. लाइनसारखीच नेटचीही अडचण येईल : उबुंटूची फाइल साधारण सहा जीबीची असते, रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये ती उतरत नाही. कॉलेजातून पेनड्राइव्हवर आणायला सांगा. (२०११पर्यंत उबुंटूची कंपनी मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवायची. ती सोय आरमोरीसारख्या गावांसाठीच होती असं मला अजून वाटतं.)

कृतिदेवच्या फायली लिनक्समध्ये उघडतील, पण फॉन्ट टाकलेला नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. युनिकोड मराठीची अडचण नाही, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच. मात्र विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये बसवलेला अर्ज तिथे उघडला तर ओळी सरकतात. डिजिटल सहीचं टोकन आणि जुना प्रिंटर यांच्या वाटेला लिनक्समध्ये जाऊच नये. चालतात कधीकधी, पण गिऱ्हाईक उभं ठेवून प्रयोग करायची ती जागा नव्हे. दुकान विंडोजवरच राहू द्या. मात्र ते विंडोज १० असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा थांबला आहे, हे लक्षात असू द्या.

एक मजेशीर त्रास बहुधा होईल. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. त्यामुळे मुलाने लिनक्स वापरून लॅपटॉप ठेवला आणि सकाळी दहाला तुम्ही विंडोज उघडलंत, तर घड्याळात पहाटेचे साडेचार दिसतील. बरोबर साडेपाच तासांचा फरक. इंटरनेट मिळालं की घड्याळ सुधारतं. नेट नसलेल्या दिवशी मात्र फॉर्मवर चुकीची वेळ छापली जाईल. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, ती मुलाकडून आठवणीने करून घ्या. त्याच बैठकीत बूटच्या मेनूत विंडोज आपोआप निवडलं जाईल अशी सेटिंगही करून घ्या, म्हणजे सकाळी बटण दाबून तुम्ही शटर उघडायला मोकळे.

पुढे कधी विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स सुरूच झालं नाही तर दचकू नका. ऑगस्ट २०२४च्या एका अपडेटने जगभर अनेकांच्या लॅपटॉपवर हेच केलं होतं; विंडोज तेव्हाही चालूच होतं.

माझं मत विचाराल तर मुलाला आधी विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, वापरून पाहू द्या. सुरुवातीच्या आज्ञा, सी, पायथन एवढ्याला ते पुरतं आणि धुरा घालावाच लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर वाटणी करा. आणि शिक्षण संपल्यावर लिनक्स काढायचं झालं तर नुसतं पार्टिशन उडवू नका, लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावर अडकेल. आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा, दोनदा सुरू करून खात्री करा, मगच लिनक्सचं पार्टिशन उडवून ती जागा सी ड्राइव्हला परत जोडा.